बंद पडलेल्या करंडकाच्या मागावर: व्हिएन्ना ते फोज्जा

कोल्हापुरात लहानपण गेलेल्या माणसाला फुटबॉलचे वेड वेगळे लावावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने पाहत मी मोठा झालो, आणि सुट्टीत मुंबईला काकांकडे गेलो की कूपरेजवर रोव्हर्स कप पाहायला मिळे. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा २००१ मध्ये संपली आणि फारसे कुणी हळहळलेही नाही. तेव्हापासून बंद पडलेल्या स्पर्धांविषयी मला एक विचित्र ओढ लागली आहे. मित्रोपा कपचे नाव त्या ओढीतच प्रथम वाचनात आले. आपल्या कानाला त्यात ‘मित्र’ ऐकू येतो, पण ते ‘मिटेलऑयरोपा’, म्हणजे मध्य युरोप, या जर्मन शब्दाचे आखूड रूप आहे. १९२७ ते १९९२ या काळात, मध्ये युद्धाचा खंड पडून, खेळली गेलेली ही क्लबांची स्पर्धा आजच्या चॅम्पियन्स लीगची आजी शोभावी अशी होती. गेल्या ऑक्टोबरात मी आणि फुटबॉलमध्ये काडीचाही रस नसलेली माझी पत्नी अकरा दिवसांत तिच्या मागावर पाच गावे फिरून आलो. एका शेंगेन व्हिसावर ऑस्ट्रिया, चेकिया, हंगेरी आणि इटली हे चारही देश होतात. चलने मात्र तीन लागतात, कारण प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट आणि बाकी ठिकाणी युरो चालतो.

दिवस पहिला आणि दुसरा: व्हिएन्ना

सुरुवात हुगो माइस्ल यांच्या घरापासून करायची, हे आधीच ठरले होते. बोहेमियात १८८१ मध्ये जन्मलेला, बँकेत नोकरी केलेला, अनेक भाषा सहज बोलणारा हा ज्यू गृहस्थ ऑस्ट्रियाच्या फुटबॉल संघटनेचा चिटणीस होता आणि राष्ट्रीय संघाचा कर्ताधर्ताही. मित्रोपा कप ही मुख्यतः त्याचीच कल्पना. आयुष्याची शेवटची वर्षे तो कार्ल मार्क्स होफ या कामगारांसाठी बांधलेल्या प्रचंड वसाहतीत राहत असे. भुयारी रेल्वेच्या यू-४ मार्गाच्या हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्थानकातून बाहेर पडलो की समोरच ती लालसर भिंत उभी राहते, आणि किलोमीटरभर चालत राहिले तरी संपत नाही. कमानींखालून मुले सायकली नेत होती आणि खिडक्यांत गाद्या वाळत घातल्या होत्या. हिने एवढेच म्हटले, “अहो, ही तर आपली बीडीडी चाळ, फक्त रंग वेळच्या वेळी दिलेली.”

या कपाचा जन्म हौसेतून झाला नाही, पैशाच्या ओढाताणीतून झाला, हे आधी सांगायला हवे. ऑस्ट्रियात १९२४ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात १९२५ मध्ये आणि हंगेरीत १९२६ मध्ये खेळाडूंना उघडपणे पगार देणे सुरू झाले. तोवर पाकिटातून गुपचूप दिले जाणारे पैसे आता हिशेबात दिसू लागले आणि केवळ गावातल्या सामन्यांच्या तिकीटविक्रीवर ते भागेनात. व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट ही तिन्ही शहरे १९१८ पर्यंत एकाच साम्राज्यात होती. साम्राज्य गेले, पण रुळ राहिले. शनिवारी रात्री गाडीत बसलेला संघ रविवारी दुपारी परक्या मैदानावर उतरू शकत होता. जुलै १९२७ मध्ये व्हेनिसला झालेल्या बैठकीत नियम ठरले: एक सामना आपल्या मैदानावर, एक प्रतिस्पर्ध्याच्या, आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज. तरीही बरोबरी राहिली तर तिसरा सामना. त्याच ऑगस्टात स्पर्धा सुरूही झाली. युगोस्लाव्हिया धरून चार देशांचे प्रत्येकी दोन संघ त्यात होते. १९२९ पासून युगोस्लाव्हियाच्या जागी इटली आला.

वसाहतीच्या मागची टेकडी चढले की होहे वार्टे हे फर्स्ट व्हिएन्ना या १८९४ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाचे मैदान लागते. एका बाजूला नेहमीची गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगराचा गवताळ उतार, ज्यावर एके काळी माणसे दाटीने उभी राहत. १९२३ मध्ये इटलीविरुद्धच्या सामन्याला येथे ८०,००० हून अधिक प्रेक्षक होते. आम्ही गेलो तेव्हा त्या उतारावर फक्त पडलेली पाने होती आणि खाली पोरांचा सराव चालला होता. निळा-पिवळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा कठड्याला टेकून उभे होते. आम्ही भारतातून मित्रोपाच्या शोधात आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे सहानुभूतीने पाहिले, आणि मग बोटांवर मोजत सांगितले: १९३१, सहा सामने, सहा विजय. त्या वर्षी अंतिम फेरीत दोन्ही संघ व्हिएन्नाचेच होते, तरी पहिला सामना झ्युरिकला नेऊन खेळवला गेला. आजोबांच्या मते हा निव्वळ वेडेपणा होता, आणि तो कालपरवा घडल्यासारखे ते चिडून बोलत होते.

टेकडीच्या पलीकडे द्राक्षमळे आहेत. ऑक्टोबरात तेथे ‘श्टुर्म’ मिळते, म्हणजे अर्धवट आंबलेला, गढूळ, गोडसर द्राक्षरस. तो सरबतासारखा लागतो आणि अजिबात सरबतासारखा वागत नाही, एवढी सूचना पुरे. रविवारी व्हिएन्नात बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे पाणी-फळांची सोय शनिवारीच करून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी मध्यवर्ती दफनभूमीकडे जाणारी ७१ क्रमांकाची ट्राम पकडली. कुणी वारले की ‘त्याने एकाहत्तर पकडली’ असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवेशद्वारावर उतरावे, नाहीतर पायपीट होते. येथे माटियास सिंडेलारची कबर आहे. हा इतका सडपातळ होता आणि बचावपटूंमधून इतका अलगद निसटत असे की त्याला ‘कागदी माणूस’ म्हणत. १९३३ च्या अंतिम फेरीत त्याचा ऑस्ट्रिया व्हिएन्ना संघ मिलानमध्ये अम्ब्रोझियाना-इंटरकडून (म्हणजे आजच्या इंटर मिलानकडून) १-२ असा हरून आला होता. प्राटरच्या मैदानावर परतीचा सामना ३-१ ने जिंकला गेला आणि तिन्ही गोल सिंडेलारचे होते. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ऑस्ट्रियाचे संघ या स्पर्धेतून नाहीसे झाले. पुढच्या जानेवारीत सिंडेलार आपल्या मैत्रिणीच्या घरी कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मेला. अपघात की आणखी काही, यावर व्हिएन्ना अजून वाद घालते. माइस्लला हे काही पाहावे लागले नाही. तो फेब्रुवारी १९३७ मध्येच गेला होता.

संध्याकाळी प्राटरचे मैदान, ज्याला आता एर्न्स्ट हाप्पेल स्टेडियम म्हणतात, बाहेरूनच पाहिले. सप्टेंबर १९३९ मध्ये याच गॅलऱ्यांखाली हजाराहून अधिक ज्यू पुरुषांना डांबून ठेवले होते आणि तेथून त्यांना छळछावणीत पाठवले गेले. सहा वर्षांपूर्वी ज्या पायऱ्यांवर सिंडेलारसाठी लोक उभे राहिले होते, त्याच या पायऱ्या. आम्ही तेथे फार वेळ थांबलो नाही.

दिवस तिसरा आणि चौथा: प्राग

चार तासांच्या गाडीने प्रागला उतरलो ते पावसातच, आणि दोन दिवस पाऊस थांबला नाही. पर्यटकांच्या गर्दीपासून दूर, लेतना टेकडीवर स्पार्टाचे मैदान आहे. ट्रामचा थांबाच ‘स्पार्टा’ नावाचा असल्याने चुकायची भीती नाही. मित्रोपाचा पहिला विजेता हाच संघ. ऑक्टोबर १९२७ मध्ये त्यांनी येथे रापिड व्हिएन्नाला ६-२ ने लोळवले आणि परतीचा सामना १-२ ने हरूनही कप उचलला. व्हिएन्नाच्या प्रेक्षकांनी मात्र तो त्यांना सुखाने उचलू दिला नाही. मैदानावर हाती लागेल ते फेकले गेले.

शिस्तप्रिय म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहतो, त्या मध्य युरोपीय लोकांनी या स्पर्धेत जो धुडगूस घातला तो वाचून मला घरच्यासारखे वाटले होते. १९३२ च्या उपांत्य फेरीत स्लाव्हिया प्रागने येथे तुरिनच्या युव्हेंतुसला ४-० ने हरवले. तुरिनला युव्हेंतुस २-० ने पुढे असताना गॅलरीतून आलेला दगड स्लाव्हियाचा गोलरक्षक फ्रांतिशेक प्लानिच्का याला लागला आणि त्याचा संघ मैदान सोडून गेला. समितीने दोघांनाही बाद केले. त्यामुळे दुसरी उपांत्य फेरी जिंकून बसलेल्या बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच कप मिळाला. १९३७ मध्ये इटलीचा जेनोआ आणि व्हिएन्नाचा आदमिरा यांच्या व्हिएन्नातल्या सामन्यात इतकी हाणामारी झाली की मुसोलिनीच्या सरकारने परतीचा सामनाच होऊ दिला नाही. पुन्हा दोघेही बाद, आणि रोमचा लाझिओ आयताच अंतिम फेरीत. हे सारे मी लेतनाच्या एका खानावळीत हिला ऐकवत होतो. “म्हणजे आपल्या पेठांचीच ईर्ष्या,” ती म्हणाली, “फक्त पासपोर्ट घेऊन.” मला पुढे बोलायला फारसे उरले नाही.

त्या खानावळीत आम्ही ‘स्माझेनी सीर’ खाल्ले. बोटभर जाडीचे चीज पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर, पांढऱ्या सॉसचा गोळा बाजूला ठेवून देतात. शाकाहारी माणसाला प्रागमध्ये हा हमखास आधार आहे, पण सलग दोन वेळा मागवू नये. पोटात दगड बसतो, आणि तो तुरिनच्या गॅलरीतून आलेला नसतो.

चौथ्या दिवशी व्हिशेहराडच्या टेकडीवरील दफनभूमीत गेलो. द्वोर्झाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या सोबतीने येथे योसेफ बिकान हा फुटबॉलपटू विसावला आहे. व्हिएन्नात जन्मलेला, रापिड आणि आदमिराकडून खेळलेला हा चेक वंशाचा आघाडीवीर स्लाव्हियाला आला आणि १९३८ च्या स्पर्धेत त्याने दहा गोल केले. त्या वर्षी स्लाव्हियाने अंतिम फेरीत बुडापेस्टच्या फेरेन्त्स्वारोशला हरवले. ज्या वर्षी नकाशे बदलले, त्याच वर्षीचा हा विजय.

दिवस पाचवा ते सातवा: बुडापेस्ट

प्राग ते बुडापेस्ट हा जवळजवळ सात तासांचा प्रवास आहे आणि तो मी कुणालाही विमानाने करू देणार नाही. भोजनाचा डबा जोडलेली गाडी निवडावी. खिडकीशेजारच्या टेबलावर गरम सूप येते, बाहेर ब्रातिस्लाव्हानंतर डॅन्यूब अधूनमधून डोकावत राहते, आणि नव्वद वर्षांपूर्वी अशाच डब्यांतून हरलेले संघ गुपचूप घरी जात असतील, हे चित्र आपोआप उभे राहते.

बुडापेस्टला निळ्या रंगाच्या एम-३ मेट्रोमार्गाच्या एका अंगाला फेरेन्त्स्वारोशचे मैदान आहे आणि दुसऱ्या टोकाला उइपेश्त ही वस्ती. १९३९ ची अंतिम फेरी या दोन शेजाऱ्यांत झाली. उइपेश्तने पहिला सामना ४-१ ने जिंकला, दुसरा २-२ असा सुटला. पुढच्या वर्षी फेरेन्त्स्वारोश आणि बुखारेस्टचा रापिड अंतिम फेरीत पोचले, पण युद्धामुळे तो सामना झालाच नाही.

फेरेन्त्स्वारोशच्या स्टेडियममध्ये क्लबाचे संग्रहालय आहे. तेथे आम्हाला फिरवणारी मुलगी विशीतली होती. १९६५ मध्ये तुरिनला जाऊन युव्हेंतुसकडून जिंकलेल्या फेअर्स कपाविषयी (तीही आता बंद पडलेली स्पर्धा) ती भरभरून बोलली, मित्रोपाचे नाव काढल्यावर क्षणभर थांबली आणि म्हणाली, “माझे पणजोबा सारोशीला पाहायला जात.” ग्यॉर्ग्य सारोशी हा वकिलीची डॉक्टरेट मिळवलेला खेळाडू, १९३७ च्या स्पर्धेत त्याने बारा गोल केले आणि अंतिम फेरीत लाझिओला ४-२ व ५-४ असे हरवले. “पणजोबा त्याला नावाने हाक मारायचे नाहीत,” ती म्हणाली. “कायम ‘डॉक्टर’.”

हंगेरीच्या दोन ज्यू प्रशिक्षकांची गोष्ट या स्पर्धेच्या पोटात दडलेली आहे. १९३९ मध्ये उइपेश्तला जिंकून देणारे बेला गुटमान युद्धात सक्तमजुरीच्या तळातून पळून वाचले आणि पुढे १९६१ व १९६२ मध्ये लिस्बनच्या बेन्फिकाला युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचे जुने रूप) मिळवून देणारे प्रशिक्षक ठरले. १९३३ च्या अंतिम फेरीत अम्ब्रोझियानाच्या बाकावर बसलेले आर्पाद वाइस मात्र वाचले नाहीत. त्यांच्याविषयी बोलोन्यात.

जेवणाचे सांगायचे तर बाजारातल्या लांगोशपेक्षा, म्हणजे तळलेल्या जाड पुरीवर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज घातलेल्या पदार्थापेक्षा, आम्हाला ‘फोझेलेक’ अधिक मानवले. साध्या खानावळींत दुपारी मिळणारी ही दाटसर पातळ भाजी असते. मसुराचे फोझेलेक एक चमचा चाखून हिने निकाल दिला: “मसुराची आमटीच आहे ही, फक्त फोडणी द्यायला विसरलेत.” वर मांसाचा तुकडा न ठेवण्याविषयी आधीच सांगावे लागते.

सातव्या दिवशी प्रवासातला एकमेव घोटाळा झाला. व्हिएन्नाहून बोलोन्याला जाणारी रात्रीची गाडी पकडण्यासाठी आम्ही दुपारी निघालो, आणि आमची गाडी सीमेजवळ दीड तास उभी राहिली. का, ते कुणी सांगितले नाही. व्हिएन्नाच्या फलाटावर आम्ही अक्षरशः बॅगा ओढत धावलो आणि चार मिनिटे राखून चढलो. मध्ये किमान तीन तास हाताशी ठेवावेत, ही सूचना मी स्वतःलाच केली आहे. सहा बर्थच्या डब्यात वरच्या फळीवर पडल्यावर मात्र राग गेला. पहाटे आल्प्स कधी ओलांडले ते कळलेही नाही.

दिवस आठवा आणि नववा: बोलोन्या

बोलोन्यात छत्री लागत नाही. गावभर कमानींचे छत असलेले पदपथ आहेत, आणि त्यांतला सर्वांत लांब, ६६६ कमानींचा, शहराबाहेर सान लुकाच्या देवळापर्यंत चढत जातो. स्टेडियम याच वाटेजवळ आहे, त्यामुळे हिचे देऊळ आणि माझे मैदान एका फेरीत उरकले. लाल विटांचे हे मैदान फॅसिस्ट राजवटीत उभे राहिले आणि त्याचा उंच मनोरा दुरून दिसतो. १९३४ मध्ये आदमिराकडून व्हिएन्नात २-३ ने हरलेल्या बोलोन्याने येथे त्यांना ५-१ ने धुतले; रेगुझोनीचे तीन गोल होते.

मनोऱ्याच्या पायथ्याशी आर्पाद वाइस यांच्या नावाची पाटी आहे. १९३६ आणि १९३७ मध्ये त्यांनी बोलोन्याला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले होते. १९३८ च्या वंशकायद्यांनी त्यांना देश सोडावा लागला. पॅरिसमार्गे ते हॉलंडला गेले, तेथे जर्मन आले, आणि जानेवारी १९४४ मध्ये ऑशवित्झला त्यांचा अंत झाला. पत्नी आणि दोन मुलांना त्याआधीच मारले होते. त्यानंतर कित्येक दशके बोलोन्यात त्यांचे नाव कुणाच्या फारसे स्मरणात नव्हते. पाटीखाली कुणीतरी निळा-लाल मफलर बांधून ठेवला होता, पावसाने जड झालेला.

शाकाहाऱ्यांसाठी एक अक्षराचा फरक येथे महत्त्वाचा आहे: ‘तोर्तेल्लिनी’त डुकराचे मांस असते, ‘तोर्तेल्लोनी’त बहुधा रिकोता चीज. वेटरला दोनदा विचारावे. तो रागावत नाही.

दिवस दहावा आणि अकरावा: फोज्जा

फोज्जाला कुणी पर्यटक जात नाहीत. बोलोन्याहून पाचेक तासांची गाडी. अँकोनाच्या आसपासपासून डाव्या खिडकीला एड्रियाटिक समुद्र चिकटून राहतो, म्हणून डावीकडची जागा घ्यावी. उतरलो तर चक्क ऊन होते आणि गव्हाची कापलेली शेते क्षितिजापर्यंत.

युद्धानंतर मित्रोपाचे काय झाले, ते येथे येऊन संपते. १९५५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण त्याच वर्षी युरोपियन कपही सुरू झाला, आणि देशादेशांचे विजेते तिकडे गेले. बुडापेस्टच्या वाशाशने सहा वेळा मित्रोपा जिंकून विक्रम केला, तरी तोवर त्या विक्रमाची फार कुणाला पर्वा नव्हती. १९८० पासून तर त्यात दुसऱ्या श्रेणीचे विजेते खेळू लागले. १९८२ मध्ये तो जिंकणारा एसी मिलान नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला होता. युद्धाने जे केले नाही ते या उताराने केले, असे माझे मत आहे. १९४० चा न झालेला अंतिम सामना निदान आठवला जातो. १९९२ चा झालेला सामना कुणाला आठवत नाही.

तो येथे, पिनो झाक्केरिया मैदानावर झाला. फोज्जाचा संघ त्या वेळी प्रागमध्ये जन्मलेल्या झ्देनेक झेमान यांच्या हाताखाली इटलीच्या पहिल्या श्रेणीत सगळ्यांना थक्क करत होता. अंतिम फेरीत मात्र बोस्नियाचा बोराट्स बान्या लुका आणि बुडापेस्टचा बीव्हीएससी. बोस्नियात त्या एप्रिलमध्येच युद्ध पेटले होते. १-१ अशा बरोबरीनंतर बोराट्सने पेनल्टींवर कप जिंकला. बीव्हीएससी हा बुडापेस्टच्या रेल्वे कामगारांचा क्लब आहे. ज्या स्पर्धेला रुळांनी जन्म दिला, तिच्या शेवटच्या सामन्यात हरलेला संघ रेल्वेचा निघाला, हे मला मैदानाच्या बंद फाटकासमोर उभा असताना सुचले आणि हिला सांगण्याचा मोह मी आवरला.

फाटकाजवळच्या खानावळीत ‘पानकोत्तो’ मिळाले: शिळा पाव, रानभाज्या, बटाटा आणि लसूण एकत्र शिजवून वरून ऑलिव्ह तेल. शिळी भाकरी कुस्करून पालेभाजीत कालवल्यासारखे, आणि तितकेच चविष्ट. खानावळवाल्याला झेमानचा प्रत्येक सामना तोंडपाठ होता. १९९२ च्या त्या सामन्याचे विचारल्यावर त्याने खांदे उडवले, मग उत्सुकता वाटून भावाला फोन लावला. दोघे बराच वेळ बोलले. फोन ठेवून तो म्हणाला, “भाऊ गेला होता. निकाल आठवत नाही म्हणतो. गॅलरीत आडवे पडायला जागा होती, एवढे आठवते.” हिने पानकोत्तो आणखी एक वाडगे मागितले.

परतीचे विमान बारीहून होते. फोज्जाहून गाडीने सव्वा तास लागतो आणि दुपारनंतर गर्दी वाढते, म्हणून सकाळीच निघावे. बारीच्या संघानेही १९९० मध्ये हा कप जिंकला होता, पण ते मी हिला विमान सुटेपर्यंत सांगितले नाही.